सफरचंदांच्या पिंपातला मुलगा आणि अलंकारांची वही

प्रश्न : माझा नातू वडोदऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकतो. सुट्टीच्या प्रकल्पासाठी स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी वाचून तिच्यातील दहा ‘लिटररी डिव्हायसेस’ शोधून लिहायची आहेत. पुस्तक आम्ही सेंट्रल लायब्ररीतून आणले. अडचण अशी की, मला येतात ते शाळेत पाठ केलेले मराठी अलंकार, त्याला येतात ती गुजरातीच्या तासाला शिकलेली नावे, आणि शाळेच्या यादीतील काही नावांना तर आम्हा दोघांकडेही शब्द नाही. तीन दिवसांत वहीत चार उपमा आणि एक अतिशयोक्ती एवढेच जमले आहे. आमचे काय चुकते?
— एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : नावांची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. आपण ज्याला चेतनगुणोक्ती म्हणता त्यालाच आपला नातू सजीवारोपण म्हणतो, आणि इंग्रजीच्या तासाला त्याच गोष्टीला पर्सोनिफिकेशन म्हटले जाते. उपमा, रूपक आणि अतिशयोक्ती तर मराठी-गुजरातीत एकाच नावाने नांदतात. सांभाळायचे ते एका ठिकाणी : ‘जणू’ने येणारी कल्पना आपण उत्प्रेक्षेत घालतो, इंग्रजी शिक्षक मात्र तिला बहुधा सिमिलीत, म्हणजे उपमेतच मोजतात. तेव्हा आपल्या चार उपमांपैकी एखादी उत्प्रेक्षा निघाली, तर नातवाचे गुण त्यामुळे जाणार नाहीत.

चुकते आहे ते शोधण्याच्या जागेत. आपले अलंकारशास्त्र प्रामुख्याने कवितेच्या चरणावर पोसलेले असल्यामुळे आपली नजर एका वाक्यात सामावणारी चमत्कृती शोधते, आणि साहसकथेतील खरी कारागिरी मात्र एका प्रकरणात पेरलेली गोष्ट दहा प्रकरणांनंतर उगवते तिथे असते. ही कादंबरी १८८१-८२ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवणे हे तिचे पहिले काम होते, हे लक्षात ठेवून वाचल्यास निम्म्या युक्त्या आपोआप दिसू लागतील.

एक उदाहरण सविस्तर पाहू. आरंभी खानावळीत उतरलेला म्हातारा खलाशी जिमला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या मुलाला, दरमहा चार पेन्सचे नाणे कबूल करतो, ते एका पायाच्या दर्यावर्दी माणसावर नजर ठेवण्यासाठी. तो माणूस जिमच्या स्वप्नांत येऊ लागतो, कधी गुडघ्यापासून पाय तुटलेला, तर कधी शरीराच्या मध्यातून एकच पाय फुटलेला राक्षस होऊन. पुढे येणाऱ्या संकटाची ही चाहूल, आणि तिलाच पूर्वसूचन म्हणतात. एवढे लिहून कोणीही पुढे जाईल, पण लेखकाची करामत खरे तर यानंतर सुरू होते. ब्रिस्टल बंदरात जिमला एका पायाचा सिल्व्हर, म्हणजे त्याच्या जहाजावरचा होऊ घातलेला स्वयंपाकी, प्रत्यक्ष भेटतो तेव्हा तो कुबडीवर पक्ष्यासारखा टुणटुणत हिंडत असतो, स्वच्छ आहे, हसतमुख आहे; आणि चाचे कसे दिसतात हे आपल्याला पक्के ठाऊक आहे अशा समजुतीत जिम मनातली शंका काढून टाकतो. ती पक्ष्याची उपमा आपल्या वहीतील चार उपमांत असेलच. तिच्यापुढे केवळ ‘उपमा’ असे लिहू नये. उपमेय सिल्व्हर, उपमान पक्षी, साधारण धर्म चपळाई, हे झालेच. पण स्वप्नातल्या राक्षसाचे भय या एका हलक्याफुलक्या उपमेने पुसले जाते, आणि जिमबरोबर वाचकही फसतो. उपमा इथे सिल्व्हरच्या बाजूने काम करते.

दुसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे. सिल्व्हर पहिल्या भेटीत जिमच्या हुशारीची तोंडभरून स्तुती करतो. अकराव्या प्रकरणात सफरचंद काढायला पिंपात उतरलेल्या जिमच्या कानावर सिल्व्हरचा कट पडतो, तेव्हा त्याला काय ऐकू येते, तर तीच स्तुती, त्याच शब्दांत, दुसऱ्या एका तरुण खलाशाला उद्देशून केलेली. यात ना उपमा ना रूपक, केवळ पुनरुक्ती आहे. परंतु पहिल्यांदा गोड वाटलेले वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना विषारी होते, आणि मुलाला माणूस ओळखण्याचा धडा लेखकाला स्वतः तोंड उघडून द्यावा लागत नाही. (मोठ्यांच्या कौतुकाबद्दल सावध करणारे इतके चांगले प्रकरण मी मुलांच्या पुस्तकात क्वचितच वाचले आहे.) पिंपातून बाहेर पडलेल्या जिमच्या दंडावर सिल्व्हर लगेच प्रेमाने हात ठेवतो. त्या क्षणी जिमला आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते सिल्व्हरला ठाऊक नाही. पात्राला नसलेले ज्ञान वाचकाला देऊन साधलेल्या या परिणामाला नाट्यात्म उपरोध म्हणतात. शाळेच्या यादीतील ‘ड्रॅमॅटिक आयरनी’ ती हीच.

आता निवेदक. सगळी हकीकत लिहून काढण्याची विनंती झाल्यावरून आपण लिहीत आहोत, असे जिम पहिल्याच वाक्यात सांगतो, आणि खजिन्याचा काही भाग अजून तिथेच असल्यामुळे बेटाचा ठावठिकाणा तेवढा राखून ठेवतो. म्हणजे तो जिवंत सुटणार हे आरंभीच कळते. तरीही उत्कंठा टिकते, कारण ‘वाचेल का’ या प्रश्नाची जागा ‘कसा वाचेल’ हा प्रश्न घेतो. हे प्रथमपुरुषी निवेदन सोळा ते अठरा या प्रकरणांत मोडते आणि लेखणी जिमच्या बरोबर आलेल्या डॉक्टरांच्या हाती जाते. कारण साधे आहे : जिम किनाऱ्यावर निसटलेला असल्यामुळे मागे जहाजावर काय घडले हे त्याला सांगता येणे शक्य नव्हते. नातवाला ही तीन प्रकरणे मोठ्याने वाचायला सांगावे. डॉक्टरांच्या निवेदनात शिस्त आहे, हिशेब आहे, आणि जिमची धडधड नाही. हा फरक कानाला आधी कळेल.

प्यू या आंधळ्या चाच्याच्या काठीची दूर जाणारी टकटक (ध्वन्यनुकारी शब्द) आणि नकाशाचा शेवट (ज्या नकाशासाठी माणसे मेली त्याने दाखवलेला खड्डा रिकामा निघतो, म्हणजे प्रसंगगत उपरोध) या दोन नोंदी आपण दोघे स्वतः पूर्ण कराल.

आपण लायब्ररीचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले, आणि पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक पाहून पुस्तक काढण्याची सवय इथल्या वाचकांना लागली. क्रमांक पुस्तकापर्यंत पोहोचवतो, वाचावे आपल्यालाच लागते; अलंकाराच्या नावाचा उपयोगही तितपतच धरावा. वहीत तीन रकाने करावेत : जागा, नाव आणि ‘यामुळे वाचणाऱ्याला काय झाले’. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद खोडून टाकावी, मग दहाऐवजी सातच उरल्या तरी चालेल. शिक्षकांनी दहाचाच आग्रह धरल्यास उरलेल्या तीन उपमा आहेतच.

प्रश्न : मी आठवी-नववीला शिकवते. प्रतीक समजावल्यापासून मुले कादंबरीतील प्रत्येक वस्तूला प्रतीक म्हणू लागली आहेत. त्यांना कसे आवरावे?
— एक शिक्षिका, मांजलपूर

उत्तर : मुलांना याच कादंबरीतला सिल्व्हरचा पोपट द्यावा. ‘पीसेस ऑफ एट’ या स्पॅनिश नाण्यांच्या नावाचा तो घोष करतो. सुरुवातीला ती गंमत आहे, प्रतीक मुळीच नाही. सत्ताविसाव्या प्रकरणात अंधारात आपल्याच माणसांचा तळ समजून आत शिरलेल्या जिमला त्याच घोषामुळे कळते की आत चाचे आहेत; तिथेही पोपट कथानकाचे काम करतो, एवढेच. शेवटच्या परिच्छेदात मात्र पोपट जवळपास कुठेही नाही, जिम सुखरूप घरी आहे, आणि तरीही तो आवाज कानात घुमून तो अंथरुणात दचकून उठून बसतो. इथे पोपटाकडे कथानकाचे कोणतेही काम उरलेले नाही, तरी लेखकाने त्याला परत आणले आहे. वर्गात हे तिन्ही उतारे एकापाठोपाठ वाचून घ्यावेत आणि पोपट प्रतीक नेमका कोणत्या उताऱ्यात झाला, हे मुलांनाच ठरवू द्यावे. काही मुले दुसऱ्या उताऱ्याच्या बाजूने भांडतील. त्यांना भांडू द्यावे, फक्त प्रत्येकाने पुस्तकातील ओळीवर बोट ठेवून बोलावे.