हिरड्या नाजूक असतील तर इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यावा का? कोणता, आणि वापरायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की दात घासले की थुंकीत रक्त दिसतं, मऊ ब्रश आणूनही फरक पडला नाही, आणि इलेक्ट्रिक ब्रशच्या हादऱ्यानं हिरड्या आणखी बिघडतील अशी भीती वाटते. मी काही दातांचा डॉक्टर नाही. परभणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पण चार वर्षांपूर्वी माझंही हेच झालं होतं, आणि तेव्हापासून मी मोटारचाच ब्रश वापरतो, म्हणून लिहितोय.

आधी रक्ताचं बघू. जिथून रक्त यायचं तिथं मी ब्रश न्यायचोच नाही. दुखऱ्या जागेला हात लावू नये, असा आपला साधा हिशोब. इथे तो उलटा पडतो. हिरडीच्या कडेला दातावर चिकट थर साठतो, त्यानं हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला की रक्त सोडते. ती जागा टाळली की थर वाढतो, पुढे त्याचं टणक कीट होतं, आणि कीट कुठल्याच ब्रशनं निघत नाही. म्हणून ब्रशवर पैसे घालायच्या आधी एकदा डॉक्टरकडून दात साफ करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटीजवळ, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याजवळ, शासकीय दंत महाविद्यालय आहे.

"दात साफ केले की हलायला लागतात" हे आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना पाठ आहे. माझी आईही हेच म्हणायची. तिनं उभा जन्म मशेरी लावली, दातांच्या मागं कीट इतकं की दात एकमेकांना सिमेंटनं जोडल्यासारखे. तसं कीट काढलं की मधल्या फटी उघड्या पडतात आणि आधीच सैल झालेला दात सैल आहे हे तेव्हा कळतं. सैल तो साफसफाईनं झालेला नसतो. मशेरी, गुटखा, बिडी असेल तर आणखी एक फसवणूक होते: तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येतं आणि माणूस निर्धास्त राहतो.

आता ब्रश. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "किती जोर लावता?" मी म्हटलं, बेताचाच. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ब्रश दाबून बघितला, रोज घासतो तसा. काटा साडेचारशे ग्रॅमच्या वर गेला! दीडशे-दोनशे ग्रॅम पुष्कळ झाले, असं त्यांनी सांगितलेलं. तुम्हीही एकदा करून बघा. दिवसभर बेअरिंगं ठोकून काढणाऱ्या हाताला दोनशे ग्रॅम म्हणजे काय हे कळतच नाही. इलेक्ट्रिक ब्रशचा मला झालेला खरा फायदा हाच, की जोर हाताकडून निघून मोटारीकडं गेला.

त्यामुळे घेताना एकच गोष्ट हट्टानं बघा: प्रेशर सेन्सर. जास्त दाबलं की लाल दिवा लागतो, काहींमध्ये ब्रशची चाल मंदावते नाहीतर आवाज बदलतो. दहा मोड, ब्लूटूथ, मोबाईलवर तक्ता हे सगळं नसलं तरी चालतं. दोन मिनिटांचा टायमर आणि दर तीस सेकंदांनी जागा बदलायची खूण मात्र हवी. 'सेन्सिटिव्ह' किंवा 'गम केअर' असा हळू मोड असला तर उत्तम. हेड, म्हणजे पुढचं बदलता येणारं डोकं, एक्स्ट्रा सॉफ्टच घ्या.

प्रकार मुख्य दोन. एकात छोटं गोल डोकं असतं, ते थोडं इकडं थोडं तिकडं झपाट्यानं फिरतं, ओरल-बीचे बरेच ब्रश असे. दुसरा सोनिक, फिलिप्सच्या सोनिकेअरसारखा: लांबट डोकं, आणि ते फिरत नाही, थरथरतं. आत कॉइल आणि चुंबक. कंपनी मिनिटाला ३१,००० फटके सांगते. आपल्या भाषेत, घरातला करंट सेकंदाला ५० वेळा हेलकावे खातो, तर हा साधारण २६० वेळा, एक फटका जाताना आणि एक येताना धरून. हिरड्यांसाठी दोन्ही चालतात. मला सोनिक हाताला हलका वाटला, माझ्या बायकोला त्याची नाकापर्यंत गुदगुल्या झाल्यासारखी थरथर सोसली नाही, तिला गोलच बरा वाटतो. पेन्सिल सेलवरचे स्वस्त ब्रश मी दोन उघडून बघितले, आत एका बाजूला वजन लावलेली बारीक मोटार, मोबाईलच्या व्हायब्रेटरसारखी. बिघडवणार नाहीत काही, पण सेल उतरला की नुसती गुणगुण, आणि मग हात पुन्हा जोर लावायला लागतो.

हादऱ्याची भीती काढून टाका. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेनं ५६ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. तीन महिन्यांपुढं साध्या ब्रशच्या तुलनेत थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी, असा निष्कर्ष निघाला. काही त्रास झाला तर तो तेवढ्याच जागी आणि थोड्या दिवसांचा. म्हणजे फरक पडतो, जादू नाही. साधा मऊ ब्रश हलक्या हातानं दोन मिनिटं चालवणाऱ्याला इलेक्ट्रिकवाचून काही अडत नाही.

वापरताना सगळ्यात अवघड काम म्हणजे हात न हलवणं. पन्नास वर्षांची खरखर करायची सवय, ती मोटार चालू असतानाही सुटत नाही. मग दुप्पट घासलं जातं, आणि हिरडी सोलते. ब्रश ओला करा, हरभऱ्याएवढी पेस्ट घ्या, दाताला टेकवा आणि मगच बटण दाबा, नाहीतर आरसा रंगतो. ब्रिसल, म्हणजे ब्रशचे केस, अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर, तिरपे. दोन-तीन सेकंद तिथंच धरायचं आणि पुढच्या दाताकडं सरकायचं. आतली बाजू विसरू नका, खालच्या पुढच्या दातांमागं कीट सगळ्यात लवकर धरतं. पहिला आठवडा रात्रीच वापरा, सकाळी जुना मऊ ब्रश. माझं रक्त तिसऱ्या आठवड्यात थांबलं, पण माझे दात आधी साफ झालेले होते.

दातांच्या फटीत कुठलाही ब्रश पोचत नाही. तिथं फ्लॉस, म्हणजे दातांत घालायचा दोरा, किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश लागतो. आणि थंड पाण्यानं सणक जाते ती वेगळी भानगड, ती दाताची, हिरडीची नाही. सेन्सिटिव्ह पेस्टनं सणक कमी होईल, रक्त थांबणार नाही. लाल मंजन आणि कोळशाची पावडर तूर्त बंद करा, खरखरीत असतात.

आमच्याकडं बोअरच्या पाण्याचे क्षार. हेड आणि हँडलच्या जोडावर पांढरा-काळा गाळ बसतो. हेड रोज काढून धुवा, दोन्ही वेगळं वाळवा. तीन महिन्यांनी हेड बदला, ब्रिसल फाकले तर आधीच. खरा खर्च हेडचाच, म्हणून तुमच्या गावात किंवा ऑनलाइन ते सहज मिळतं का हे आधी बघा. लाइट जाण्याची काळजी नको, चांगला ब्रश एका चार्जिंगवर आठवडा-दोन आठवडे चालतो.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त येत असेल, पू येत असेल, दात हलत असेल, शुगर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ब्रशवर विसंबू नका, डॉक्टरला दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अम्लोडिपिननं, हिरड्या फुगू शकतात, तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. छातीत पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आईनं माझा ब्रश पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "आता दात घासायलाबी करंट लागायलाय का?" मागच्या दिवाळीत तिलाही एक आणला. वापरते. मशेरीच्या आधी.

एक शेवटचं, हे मात्र माझ्या धंद्यातलं. कुणी नातेवाईक अमेरिकेतून ब्रश आणून देणार असेल तर चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या २३० च्या प्लगात लावू नका, जळेल. लेबल कळलं नाही तर त्यावरचे आकडे इथं लिहा, बघून सांगतो.