सक्युलंटला ऊन किती आणि कोणत्या वेळचं?

प्रश्न: एचेव्हेरिया (पानांत पाणी साठवणारं झाड, म्हणजेच सक्युलंट) आणली तेव्हा तिची पानं गुलाबाच्या फुलासारखी दाटीने बसलेली होती. दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवल्यापासून दोन महिन्यांत ती उंच झाली, पानांमध्ये अंतर पडलं, खालची पानं खाली झुकली. खत कमी पडतंय का?

खत नव्हे, उजेड कमी पडतोय. आत्ता खत देऊही नका; कमी उजेडात खत मिळालं की खोड आणखी लांबतं आणि आणखी कमकुवत होतं. टेबलावर आपल्याला लख्ख दिसतं, कारण आपले डोळे कमी उजेडाशी पटकन जुळवून घेतात. मोबाइलवर उजेड मोजणारं अ‍ॅप घेऊन दुपारी पाहा. खोलीच्या आतल्या भागात साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) दिसेल. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. खिडकीपासून मीटरभर आत सरकलं तरी उजेड झपाट्याने घटतो. म्हणून कुंडी खिडकीजवळच्या टेबलावर नको, थेट खिडकीच्या कट्ट्यावर हवी. एचेव्हेरिया, सेडम, ग्राप्टोपेटालम यांना रोज ४ ते ६ तास थेट ऊन लागतं. त्यातलं बरंचसं सकाळचं असेल तर उत्तम.

लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. झाड वाढीच्या काळात असताना स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने शेंडा कापा; शेंड्याखाली ३ सेंटिमीटर देठ राहू द्या. कापलेला भाग सावलीत ४-५ दिवस सुकू द्या, मगच मातीच्या कोरड्या, भरड मिश्रणात टेकवा. पहिलं पाणी साधारण आठवड्याने, तेही थोडं. ओल्या जखमेने लावलेला शेंडा बहुतेक वेळा कुजतो, त्यामुळे इथे घाई करू नका. खाली उरलेलं खुंट टाकू नका, त्याला बाजूने नवे फुटवे येतात.

प्रश्न: हे वाचून झाड लगेच गच्चीवर नेलं असतं, पण मागच्या वेळी तसं केलं तेव्हा दोन दिवसांत पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडले. ऊन हवं असतं तर मग ते भाजलं कसं?

कारण उन्हाची सवय नव्हती. सावलीत वाढलेल्या पानांमध्ये तीव्र उजेडापासून बचाव करणारी रंगद्रव्यं कमी असतात आणि वरचा मेणचट थर पातळ असतो. हे संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात.

सुरुवातीला सकाळचं कोवळं ऊन एक तास. दर ३-४ दिवसांनी एक तास वाढवा. दोन-तीन आठवड्यांत झाड ४-५ तासांवर येतं. दुपारी बारा ते चारचं कडक ऊन सगळ्यात शेवटी, आणि उन्हाळ्यात तर ५० टक्के शेडनेटखालीच (निम्मं ऊन अडवणारी जाळी). पाने मऊ पडली किंवा रंग फिका पडू लागला तर तास वाढवणं थांबवा, आठवडाभर आहे तिथेच ठेवा. सलग ढगाळ दिवसांनंतर एकदम कडक ऊन पडलं तर न हलवलेली कुंडीही भाजते. असे पहिले दोन-तीन दिवस आडोसा करा.

भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही. तरीही ते पान तोडू नका, उरलेला हिरवा भाग काम करत असतो. डाग उन्हाच्या बाजूला, कोरडा आणि कागदासारखा असेल आणि पसरत नसेल तर तो उन्हाचाच. खालून सुरू झालेला, मऊ, पाणीदार आणि पसरणारा डाग म्हणजे कुज. तिथे ऊन नाही, पाणी तपासायला हवं.

आणखी एक. एचेव्हेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी बोटाने पुसू नका. ती ऊन परतवते आणि पुसलेल्या जागी परत येत नाही.

प्रश्न: पानांच्या कडा लाल झाल्यात. हेही भाजणंच का?

नाही. कडा किंवा टोकं सारखी लालसर होतात, पान टणक राहतं, तेव्हा ती उन्हाला किंवा थंडीला झाडाने दिलेली प्रतिक्रिया असते. सावलीत नेल्यावर रंग हळूहळू उतरतो.

प्रश्न: सगळ्याच सक्युलंटना असं ऊन चालतं का?

अजिबात नाही, आणि इथेच सर्वाधिक झाडं जातात. हावर्थिया आणि गॅस्टेरियाला थेट दुपारचं ऊन नको. भरपूर उजेड आणि सकाळचं तासभर ऊन पुरे. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींत फिकट भागात हरितद्रव्य कमी, म्हणून तो भाग लवकर जळतो. कलम केलेल्या लाल-पिवळ्या कॅक्टसमध्ये वरच्या रंगीत गोळ्याला जवळजवळ हरितद्रव्य नसतंच. अन्न खालचा हिरवा खुंट बनवतो. त्यामुळे खुंटाला चांगला उजेड, पण गोळ्याला कडक ऊन नको. याउलट अडेनियमला ६ तासांहून कमी ऊन मिळालं तर फुलं मोजकीच येतात.

प्रश्न: खिडकीत ऊन येतच नाही. दिव्यावर भागेल का?

भागेल. ४००० ते ६५०० केल्विनचा (हा उजेडाच्या रंगछटेचा आकडा) पांढरा एलईडी शेंड्यापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, रोज १२ ते १४ तास. हात धरल्यावर ऊब जाणवली तर दिवा वर घ्या. रात्री मात्र बंदच करा: यातली बरीच झाडं कार्बन डायऑक्साइड रात्री घेतात, त्यांना खरा अंधार लागतो. दिव्याखाली किंवा खिडकीत कुंडी दर आठवड्याला पाव वळण फिरवा, नाहीतर झाड एका बाजूला कलतं.

प्रश्न: ऊन वाढवलं तर पाणीही वाढवायचं ना?

हो, पण रोज नव्हे. मिश्रण तळापर्यंत कोरडं झालं की कुंडीच्या भोकातून निथळेल इतकं, पुन्हा कोरडं होईपर्यंत काही नाही. सावलीतल्या कुंडीला तेच पाणी दुप्पट दिवस पुरतं. पश्चिमेच्या उन्हात काळी प्लास्टिकची कुंडी इतकी तापते की मुळं होरपळतात. ती मोठ्या कुंडीच्या सावलीत ठेवा किंवा मातीच्या कुंडीत लावा.