लेसर झालं, पुढं काय?

मागच्या महिन्यात इथं लेसरनं केस काढण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं सदर त्यातच गेलं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. टिळकवाडीत बरीच वर्षं पार्लर चालवलं आणि नंतरची आठ वर्षं एका स्किनच्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली लेसरच्या मशीनवर काढली, त्यामुळं सेशननंतर बायका घाबरून दुसऱ्या दिवशी काय काय विचारतात ते तोंडपाठ आहे. जिथं डॉक्टरकडंच जायला पाहिजे तिथं तसं लिहिलंय, तेवढं ऐका.

ताई, मी खानापूरची, एम.कॉम. करते, रोज बेळगावला येऊन-जाऊन. हनुवटीवर आणि गळ्यावर जाड केस येतात म्हणून दहा दिवसांमागं पहिलं सेशन घेतलं. त्या दिवशी लाल होऊन बारीक दाणे आले, दुसऱ्या दिवशी गेले. पण आता काळे ठिपके दिसूलालेत, केस परत उगवलेत असं वाटतंय. आई म्हणते पैसे घालवूलालीस. चिमट्यानं उपटू का? क्लिनिकातनं कागद दिलाय पण तो इंग्लिश आणि कन्नडमध्ये, मी वाचते, आईला कोण समजावणार!

पहिलं काम, चिमटा कपाटात ठेव आणि किल्ली आईकडं दे.

हे बघ, लेसरचा उजेड केसातला काळा रंग धरतो, तिथं उष्णता होते आणि ती खाली मुळापर्यंत जाऊन मूळ भाजतं. म्हणून त्या दिवशी एकेका केसाभोवती सूज येते, सोललेल्या कोंबडीसारखी कातडी दिसते, ते बघून पोरी रडायला लागतात आणि आमच्या डॉक्टरबाई मात्र खूश व्हायच्या, कारण शॉट मुळावर बरोबर बसलाय याची ती खूण. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतं. तुझं उतरलं, म्हणजे तिथवर सगळं ठीक.

आता ठिपके. मूळ भाजलं तरी केस लगेच गळत नाही, तो आतच अडकून असतो आणि कातडी त्याला हळूहळू वर ढकलते, साधारण एक ते तीन आठवडे हे चालतं. वर येताना तो वाढल्यासारखाच दिसतो. खरं-खोटं करायचं असेल तर आंघोळीनंतर ओला मऊ टॉवेल हनुवटीवर हलक्या हातानं फिरव आणि मग टॉवेल उजेडात धर. मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे कण दिसतील, एखादा केस दोन बोटांत धरला तर न दुखता अलगद सुटून येईल, टोकाला जळल्यासारखा काळा मणी असेल. तो मेलेला केस. आईला तो टॉवेलच दाखव, कागद वाचून दाखवायची गरज नाही.

पण जो सुटत नाही त्याला ओढू नको. उपटलं, थ्रेडिंग केलं, वॅक्स केलं की मूळच निघून जातं, मग पुढच्या वेळी लेसरला धरायला आत काही राहत नाही आणि तुझं सेशन फुकट. रेझर चालतो. आई म्हणेल रेझरनं केस राठ होतात, तसं काही होत नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला टोचतं एवढंच.

गळून झालं की दोन-तीन आठवडे हनुवटी गुळगुळीत राहील आणि तुला वाटेल झालं काम. मग परत केस येतील. तेव्हा मला शिव्या घालू नको. सगळे केस एका वेळी वाढत नसतात, काही वाढीत असतात, काही झोपलेले, आणि लेसर फक्त वाढीतल्यावरच नीट बसतो. तुमच्याकडं भाताच्या रानात एका भांगलणीत सगळं तण जातं का? तसंच हे. चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी, हातापायाला सहा ते आठ आठवड्यांनी, अशी सहा-आठ सेशन तरी लागतातच. लवकर संपवायचं म्हणून पंधरा दिवसांनी बोलवत असतील तर त्यात तुझा फायदा नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, पाळी वेळेवर येते का? हनुवटी, गळा, ओठांवर जाड केस, पाळी दोन-दोन महिने पुढं, वजन वाढतंय, असं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून हार्मोनची तपासणी आणि सोनोग्राफी कर, पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा त्रास, निघायची शक्यता असते. तसं असेल तर लेसरनं आहेत ते केस कमी होतील पण आतनं नवीन यायचं थांबणार नाही, वर्षाला एक-दोन टचअप धरूनच चालायचं. तसंही अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, एफडीएनं, मशीनवाल्यांना 'पर्मनंट रिडक्शन' एवढंच म्हणू दिलंय, म्हणजे कायमचे कमी, कायमचे गायब नव्हे. इथं बोर्डावर काय लिहितात ते तू बघतेसच.

गालावरच्या बारीक लवेला मात्र हात लावू देऊ नको. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला जबड्याच्या कडेला आणि गळ्यावर लेसरनंतर लव उलटी जाड होते असं काही जणींत होतं. तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर आधी नव्हते तिथं केस दिसायला लागले तर पुढचं सेशन घेण्याआधी डॉक्टरांना दाखव, मशीनवरच्या मुलीला नव्हे.

मुलीचं लग्न वैशाखात आहे. हळदीच्या आठ दिवस आधी हातापायाचं लेसर करून घेतलं तर चालेल का? – एक आई, निपाणी

नको हो वहिनी. वर लिहिलंय तसं आठव्या-दहाव्या दिवशी काळे ठिपके वर येतात, म्हणजे ऐन लग्नात नवरीचे हात पार्लरला न गेल्यासारखे दिसणार. त्यात आपल्याकडची हळद म्हणजे पाच सवाष्णी हौसेनं खसाखसा चोळणार, वर उटणं, मग वैशाखाचं ऊन आणि मांडवातला उकाडा. नुकत्या लेसर झालेल्या कातडीला यातलं काहीच सोसत नाही, डाग पडले तर फोटोत आयुष्यभर राहतील. शेवटचं सेशन हळदीच्या किमान महिनाभर आधी उरकायचं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी साधा रेझर. आता वेळच नसेल तर यावेळी नेहमीचं वॅक्सिंग करा आणि लेसर लग्नानंतर निवांत सुरू करा, फक्त वॅक्सनंतर चार-सहा आठवडे थांबून.

अजून एक. दुखू नये म्हणून बधिर करायचं क्रीम अख्ख्या पायांना थापून वर प्लास्टिक गुंडाळायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते औषध एवढ्या मोठ्या जागेतनं रक्तात उतरतं, परदेशात यानं मुली दगावल्यात. छोट्या जागेला, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

दुसऱ्या सेशननंतर पोटरीवर चौकोनी काळपट पट्टे उठलेत, दोन आठवडे झाले, जाईनात. मेडिकलमधनं क्रीम आणून लावू का? – शहापूर, बेळगाव

तुमचा प्रश्न वाचून माझा स्वतःचा पाय आठवला. मशीन नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. शनिवार-रविवार आम्ही सगळे चोर्ल्यावरनं गोव्याला गेलेलो, दोन दिवस समुद्रावर, सोमवारी कामावर आले आणि बरोबरच्या मुलीला म्हटलं, घे माझ्या नडगीवर हात साफ करून. उन्हानं कातडी रापलेली, म्हणजे कातडीतच काळा रंग जास्त, लेसरला केस कुठला आणि कातडी कुठली ते काय कळणार? शॉट मारतानाच नेहमीपेक्षा जास्त चटका बसत होता, मी मात्र हसत बसले. संध्याकाळी नडगीवर मशीनच्या तोंडाच्या मापाचे सहा चौकोन, इस्त्रीचं टोक लागल्यासारखे. डॉक्टरबाईंनी मला झापलं ते झापलंच, वर पाच महिने साडी घोट्याच्या खाली नेसायची वेळ आली.

तर तुमचं बहुतेक तेच आहे, भाजल्यानंतरचा काळपटपणा, आपल्या रंगाच्या कातडीत तो उठतो लवकर आणि जातो सावकाश, तीन ते सहा महिने धरा. पण एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या वेळी शॉटला चटका जास्त वाटला तर तिथंच थांबवायला सांगा, लाजू नका. फोड आला तर त्याच दिवशी जायचं, तोवर नळाचं गार पाणी, बर्फ थेट नाही, टूथपेस्ट नाही, आणि फोड फोडायचा नाही.

मेडिकलमधली ती ट्यूब मात्र आणू नका, हात जोडून सांगते. गल्लोगल्ली ज्या 'डाग घालवायच्या' ट्यूब मिळतात त्यातल्या कितीतरींत स्टेरॉइड असतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत असा नियम आहे पण कोण विचारतंय. आठ दिवसांत कातडी उजळ दिसते, मग पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसतात. आणि गंमत बघा, महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली तर तिथं लव वाढते. केस घालवायला गेलेली बाई केस वाढवायचं क्रीम लावून बसते, अशा मी निदान दहा तरी बघितल्यात.

लावायचं ते साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, पायाला असेल तर कंजूसपणा न करता. आपल्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं म्हणून बायका सनस्क्रीन बंद करतात, ढगातनं पण किरणं येतातच. स्कूटीवर हातमोजे आणि ओढणी असली तरी लावा. पुढच्या सेशनआधी दोन-तीन आठवडे ऊन टाळा, शेतात जाणं टळत नसेल तर सेशनच पुढं ढकला. आणि मशीन कोणतं आहे ते विचारा, संकोच कसला, पैसे तुमचे आहेत. नॅनोमीटरचा आकडा म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी, त्यावर मशीन ओळखायचं: ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला बरं, आपल्याकडं ८१० च्या आसपासचं डायोड चालतं आणि कातडी जास्त काळी असेल तर १०६४ चं एनडी-याग सगळ्यात सुरक्षित, कारण तो उजेड वरच्या कातडीत कमी अडकतो आणि खोल जातो. पिंपल्ससाठी डॉक्सीच्या गोळ्या किंवा रात्री लावायचं रेटिनॉलचं क्रीम चालू असेल तर तेही आधी सांगायचं, हे न सांगितल्यानं पण चटके बसतात.

मी चिक्कोडीचा, वय २४. दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात म्हणून तिथं लेसर केलंय. जिमला कधीपासून जाऊ? अख्खी दाढीच काढून टाकावी का?

दोन दिवस जिम नको, कडकडीत पाण्यानं आंघोळ नको, घाम साठला की मोकळ्या झालेल्या छिद्रांत पुटकुळ्या येतात. हेल्मेटचा पट्टा पण मानेला घासतो बघ, तिथं मऊ कापड घाल. केस आतल्या आत वळून पुटकुळ्या होत असतील तर लेसरनं चांगला फरक पडतो. अख्ख्या दाढीचं म्हणशील तर थांब, एकदा विरळ झालेली दाढी परत पहिल्यासारखी भरत नाही, आणि तिशीत तुला दाढी ठेवावीशी वाटली तर माझ्याकडं यायचं नाही.

सुनेचं बघून मी पण हनुवटीच्या पांढऱ्या केसांना लेसर करून घेतलं. दोन वेळा झालं, एक केस गेला नाही. सहा सेशनचे पैसे आधीच भरलेत. वय ६३. – अनगोळ

मावशी, जाणार पण नाहीत. लेसरला काळा रंग लागतो, पांढऱ्या केसात तो नसतोच, त्यामुळं सहा काय साठ वेळा मारलं तरी काही होणार नाही, आणि हे तुम्हाला पैसे घेण्याआधी सांगायला पाहिजे होतं. पांढऱ्या केसाला एकेका मुळात सुई घालून करतात ते इलेक्ट्रोलिसिस चालतं, पण वेळखाऊ आहे. चार-पाचच केस असतील तर महिन्यातनं एकदा थ्रेडिंग करा, तुम्हाला चिमटा पण चालेल. उरलेल्या चार सेशनचे पैसे परत मागा, पावती घेऊन जा, आणि एकट्या जाऊ नका, सुनेला बरोबर न्या.