साइड हॉप मारताना सायकल निसटते, ताबा कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की ट्रायल्स (पाय जमिनीला न टेकवता सायकलने अडथळे पार करायचा खेळ) शिकताना साइड हॉप, म्हणजे बाजूने उडी मारून अडथळ्यावर चढणं, नीट जमत नाहीये. मागच्या चाकावर उभं राहून उड्या मारता येतात, गुडघ्याच्या खालपर्यंतच्या कठड्यावर बाजूने चढताही येतं, पण दहातल्या पाच-सहा वेळा चाक तिरकं पडतं, नाहीतर नीट पडूनही पुढच्याच क्षणी सायकल कलंडते. म्हणजे उंची मिळतेय, ताबा मिळत नाहीये.

माझ्या मते गडबड उडीत नाहीये, उडीच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात आहे. मला हे कळायला जवळजवळ वर्ष लागलं, कारण मीही उंचीच्याच मागे लागलो होतो. एकदा मित्राने मागून फोनवर स्लो मोशनमध्ये माझ्या उड्या टिपल्या. तोवर माझी अगदी खात्री होती की मी ठाम उभा राहतो आणि मग उडतो. व्हिडिओत दिसलं ते असं: उडीसाठी खाली दबताना चाक दोन बोटं मागे सरकतंय, हँडल कठड्यापासून लांब वळलंय आणि अंग आधीच उलट्या बाजूला झुकलंय. हे सगळं चाक जमिनीवर असतानाच. उडीने ती चूक फक्त मोठी करून वर नेऊन ठेवली. आपण मात्र चूक शोधतो ती वर पोचल्यावर.

एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. चाकाने जमीन सोडली की तुमचा आणि सायकलचा मिळून जो गुरुत्वमध्य आहे, त्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. हवेत कितीही ओढाताण केली तरी तो बदलत नाही. हवेत एवढंच करता येतं की सायकल अंगाच्या खाली, वर, आजूबाजूला हलवायची. त्यामुळे बाजूला जायचं असेल तर जमीन सोडायच्या आधी अंग त्या बाजूला निघालेलं असायला हवं, सायकल त्याच्या मागून येते. बहुतेक जण नेमकं उलट करतात: सायकल कठड्याकडे फेकतात आणि कंबर होती तिथेच राहते. चाक वर टेकतं, वजन बाहेर लोंबकळतं आणि सायकल तुम्हाला घेऊन परत खाली येते. तुमचं "नीट पडूनही कलंडते" हे मला तरी असलंच प्रकरण वाटतं.

मग कंबर किती झुकवायची? फार नाही, टायरच्या रेषेपासून चार बोटं. मागच्या चाकावर हलके हॉप घेत असताना शेवटच्या हॉपला खाली दबायचं, त्याच वेळी कंबर कठड्याच्या बाजूला सोडायची आणि आता आपण पडणार असं वाटलं की पाय झटक्यात सरळ करायचे. हा "आता पडणार" क्षण पकडता येणं हेच या प्रकारातलं सगळ्यात अवघड काम. घाई केली तर सरळ वर उडाल आणि कठड्याच्या अलीकडेच उतराल. उशीर केला तर अंग इतकं पुढे गेलेलं असतं की वर पोचून पलीकडे कोसळाल. ही वेळ साधण्याचा सराव मी सायकल बाजूला ठेवून केला. पायरीला समांतर उभं राहायचं, दोन्ही पाय जुळवायचे आणि बाजूने पायरीवर उडी मारायची. दहा उड्यांत लक्षात येतं की पाय उचलण्याआधी कंबर आपोआप निघते. शरीराला हे उपजत येतं, सायकलवर बसलं की मात्र आपण विसरतो. (बसलं म्हणजे उभं राहिलं. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलला सीट नसतेच.)

आता आडव्या तोलाबद्दल. मागच्या चाकावर असताना पुढे-मागे तोल गेला तर ब्रेक किंचित सोडून किंवा पेडलला जरा दाब देऊन सावरता येतं. डावी-उजवीकडे गेला तर? चालत्या सायकलवर आपण हँडल वळवून चाक अंगाखाली आणतो. इथे चाक ब्रेकने बंद आहे, त्यामुळे तो रस्ताच नाही. गुडघा बाहेर काढून, पुढचं चाक हलवून थोडंफार भागतं, पण खरा उपाय एकच: छोटी उडी मारून टायर अंगाखाली आणून ठेवायचा. लंगडी घालणारं पोर तोल गेला की त्याच बाजूला पाय टाकतं, तसंच. म्हणजे बाजूने मारलेली छोटी उडी हीच तोल सावरायची पद्धत आहे, आणि ती तुम्हाला न बघता, न ठरवता यायला हवी. मोठा साइड हॉप ही तिचीच थोरली बहीण.

त्यासाठी खडू घ्या. जमिनीवर फूटभर बाजूचा चौकोन काढा आणि मागचं चाक त्यात ठेवून वीस हॉप घ्या. चाक रेषेवर आलं की शून्यापासून मोजायचं. पहिल्या दिवशी मी सातच्या पुढे गेलो नाही आणि चौकोन लहान काढलाय म्हणून स्वतःचीच समजूत घातली. हे जमलं की दोन समांतर रेषा, मध्ये वीतभर अंतर. एकीवरून दुसरीवर उडी, टायर रेषेवर आडवा नव्हे तर रेषेच्या दिशेनेच पडायला हवा. उतरल्यावर सावरायला एकच हॉप घ्यायची परवानगी, त्यानंतर तीन सेकंद ठाम. दोन-तीन हॉप लागले तर ती उडी मोजायची नाही. हा नियम जाचक वाटतो, पण खरं दुखणं यातच बाहेर येतं. हॉप घेत घेत आपण चूक झाकत असतो. दोन्ही बाजूंना करा. एक बाजू कायम कच्ची राहते, आणि कच्च्या बाजूचा सराव केल्यावर पक्क्या बाजूचे दोषही दिसायला लागतात. माझी डावी बाजू अजून उजवीच्या निम्मीच आहे.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण अनेकांचा "तोल" म्हणजे खरं तर ब्रेकचं दुखणं असतं. मागचा ब्रेक पुढे फिरण्याइतकाच मागे फिरण्यालाही घट्ट धरायला हवा. सायकलवर न चढता लिव्हर दाबा आणि सायकल पुढे-मागे जोरात हलवा. डिस्क ब्रेक असेल तर पॅड कॅलिपरमध्ये (पॅड बसवलेल्या भागात) खटकन हलतात का ते बघा. केसभर हालचाल चालते, त्याहून जास्त असेल तर प्रत्येक उडीला चाक तेवढं सरकणार. रिम ब्रेक असेल तर रिम तेलकट किंवा ओली नाही ना हे आधी पाहा. ट्रायल्सवाले ग्राइंडरने रिमवर बारीक ओरखडे पाडतात ते याचसाठी, पकड बसावी म्हणून. ओरखडे झिजले की पकड गुपचूप कमी होते आणि आपल्याला वाटतं आपणच बिघडलो. लिव्हर हँडलवर इतका आत सरकवा की तर्जनी त्याच्या टोकाशी पडेल. एका बोटाने पूर्ण बंद व्हायला हवा. दोन बोटं लागत असतील तर हँडल धरायला बोटं उरत नाहीत, आणि उडीच्या क्षणी हात आवळताना बोट नकळत ढिलं पडतं. माझं चाक दोन बोटं मागे सरकत होतं त्याचं निम्मं कारण हेच निघालं.

दुसरं निम्मं पायात होतं. क्रँक (पेडलचे दांडे) साधारण आडवे ठेवून आपण उभे राहतो, आणि ब्रेक लावलेला असताना पुढच्या पायाने पेडल दाबलं की साखळी ताणली जाऊन क्रँक घट्ट बसतात. पण फ्रीव्हील, म्हणजे पेडलचा जोर एकाच दिशेने चाकाला देणारा भाग, उलट्या दिशेला मोकळं फिरतं. मागच्या पायावर वजन जास्त गेलं की क्रँक उलटे फिरतात आणि पायाखालची जमीनच जाते. खाली दबताना घाबरून मागे बसणाऱ्याचं हमखास हे होतं. पुढच्या पायाचा दाब दबण्यापासून उडेपर्यंत एक क्षणही सोडायचा नाही. पाय पेडलवर चवड्याने, टाचा किंचित खाली.

हातांचं काम लोकांना वाटतं तेवढं नाही. मागच्या चाकावर हॉप घेताना हात जवळजवळ सरळ, दोरीला लोंबकळावं तसे. कोपरं वाकवून धरलं की दोन मिनिटांत हात भरून येतात आणि मग हँडल ओढून सायकल उचलायची सवय लागते. सायकल हातांनी उचलली जात नाही. पाय पूर्ण सरळ होतात, हँडल कमरेशी येतं आणि मग गुडघे पोटाशी घेतल्यावर सायकल वर येते. त्यानंतर हँडल कठड्याच्या बाजूला आणि किंचित पुढे ढकललं की मागचं चाक कठड्यावर पोचतं. उंच साइड हॉपमध्ये शेवटची वीतभर उंची या गुडघे घेण्यातच असते.

उभं कुठे राहायचं? टायर कठड्यापासून साधारण फूटभर. जवळ गेलात तर झुकताना पेडल कठड्याच्या कडेला अडकतं, आणि ते अडकलं की पुढचं सगळं नशिबावर. चाक कठड्याला समांतर हवं, पुढचं चाक हवेत असताना ते तिरकं झालेलं कळत नाही म्हणून सुरुवातीला तिथेही खडूची रेषा मारा. नजर मात्र चाकावर नको. कठड्याच्या कडेपासून वीतभर आत, जिथे टायर टेकवायचाय त्या जागेवर.

उतरताना ब्रेक बंद, गुडघे चांगले वाकलेले आणि कंबर टायरच्या बरोबर वर. ताठ पायांनी उतरलं की टायर चेंडूसारखा उसळतो आणि ती उसळी कुठल्या दिशेची असेल हे आपल्या हातात नसतं. सध्या तरी मागचं चाक टेकल्यावर लगेच पुढचंही खाली टेकवा. मागच्याच चाकावर उभं राहून दाखवायची हौस नंतर भागवता येईल.

हवेचा मुद्दा छोटा, पण फरक मोठा. माझं वजन ७० किलोच्या आसपास आहे आणि मागच्या टायरमध्ये मी १८ पीएसआय ठेवतो. फार कमी केली तर उतरताना साइडवॉल (टायरची बाजू) दुमडते, सायकल आडवी डुलते, कधी रिम कडेवर आपटते. जास्त भरली तर पकड जाते आणि उसळी वाढते. एकेक पीएसआय बदलून बघा, आणि एका दिवसात एकच बदल करा.

तुमची सायकल २० इंची आहे की २६ इंची, हे लिहिलं नाहीत. २० इंचीचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) सुमारे एक मीटर असतो, २६ इंचीचा त्याहून ७-८ सेंटिमीटर लांब. लांब सायकल मागच्या चाकावर शांत उभी राहते, पण बाजूला फिरवताना आळशी वाटते. तंत्र तेच. तुम्ही स्कॉटिश ट्रायल्स सायकलपटू डॅनी मॅकास्किलचे व्हिडिओ बघून शिकत असाल तर एवढं लक्षात घ्या की तो रस्त्यावरच्या करामतींसाठी बनवलेली, सीट असलेली सायकल वापरतो. त्याची ढब स्पर्धेच्या सायकलवर जशीच्या तशी उतरवायला गेलात तर गफलत होईल.

पडण्याची तयारीही ठेवा. उडी फसतेय असं वाटलं की सायकल सोडून द्या आणि पायांवर उतरा. शेवटपर्यंत हँडल धरून ठेवणाऱ्यालाच जास्त लागतं. हेल्मेट आणि नडगीचे गार्ड घालाच, पेडलच्या पिना नडगीत घुसल्या की काय होतं ते मला विचारू नका. आठवड्यातून एकदा साखळीची प्रत्येक कडी बघा. पूर्ण जोर लावल्यावर साखळी तुटली किंवा फ्रीव्हील घसरलं तर तुम्ही थेट हँडलवर जाता.

सध्या कठडा सोडा. सपाट फळ्या एकावर एक रचा, वीतभर उंचीपासून सुरू करा आणि एकच सावरणारा हॉप हा नियम पाळून दहापैकी आठ उड्या बसल्या की एक फळी वाढवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. पाय थकल्यावर मारलेल्या उड्यांत परत सगळ्या जुन्या चुका येतात. आणि व्हिडिओ काढायला कुणी मिळालं तर मागून काढायला सांगा, समोरून किंवा बाजूने नको. मागूनच दिसतं की कंबर आधी निघाली की सायकल.