अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहरात गावाच्या मालकीचं शंभर वर्षं जुनं बेसबॉल स्टेडियम अजून चालू आहे का?

हो, इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिलचं बॉसी फील्ड 17 जून 1915 ला सुरू झालं आणि तिथे आजही व्यावसायिक सामने होतात. त्याआधीच्या मैदानातली लाकडी प्रेक्षक-गॅलरी 1914 मध्ये कोसळून माणसं जखमी झाली. तेव्हा महापौर बेंजामिन बॉसी यांनी गार्विन पार्कमध्ये पक्कं, विटांचं स्टेडियम उभारण्याचा आग्रह धरला, म्हणून त्यांचंच नाव. सार्वजनिक पैशातून बांधलेलं हे अमेरिकेतलं पहिलं बेसबॉल स्टेडियम मानलं जातं. ते आजही तिथल्या सार्वजनिक शाळा मंडळाच्या ताब्यात आहे आणि माझ्या मते ते टिकण्याचं खरं कारण हेच. खाजगी मालक असता, तर जागेचे पैसे केव्हाच झाले असते. संघ बदलत गेले, मैदान मात्र गावाकडेच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात रेल्वे प्रवासावर बंधनं आली तेव्हा, 1943 ते 1945, डेट्रॉइट टायगर्स या मोठ्या व्यावसायिक संघानं हंगामापूर्वीच्या सरावासाठी दूर दक्षिणेत न जाता तो इथेच केला. 1995 पासून एव्हान्सव्हिल ऑटर्स हा संघ इथे खेळतो. 1991 मध्ये एका चित्रपटाचं चित्रीकरण झालं, त्यासाठी रंगवलेल्या जुन्या धाटणीच्या जाहिराती भिंतींवर जपून ठेवल्या आहेत.

एक लक्षात घ्या: हे देशातलं सर्वांत जुनं नाही. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचं रिकवुड फील्ड 1910 चं आहे, पण तिथे आता कायमचा व्यावसायिक संघ नाही. नियमित व्यावसायिक सामन्यांच्या मैदानांत बोस्टनचं फेनवे पार्क (1912) आणि शिकागोचं रिग्ली फील्ड (1914) यांच्यानंतर बॉसी फील्डचा नंबर लागतो.