रग्बीत लाल कार्डं वाढली, म्हणजे खेळाडू रानटी झालेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धुळ्यात भाच्याच्या शाळेत रग्बी सुरू झालंय, त्याच्या नादाने तुम्हीही मोबाइलवर आंतरराष्ट्रीय सामने बघू लागलात, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये बघावं तिथे लाल कार्ड. खेळाडू बेताल झालेत की पंच उगाच कडक झालेत, आणि अशा खेळात पोराला घालावं की नाही?

मी अमळनेरकडचा. कबड्डीत वाढलो, आता तालुक्याच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतो. रग्बी मनापासून बघतो. म्हणून उत्तर जरा लांबेल.

खेळाडू रानटी झालेले नाहीत. पूर्वी जे टॅकल (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) टाळ्या घेऊन जायचे त्यांनाच आज कार्ड मिळतं, कारण डोक्याला लागलेल्या माराचं पुढे काय होतं हे आता सगळ्यांना दिसलंय. इंग्लंडने 2003 चा विश्वचषक जिंकला तेव्हा स्टीव्ह थॉम्पसन त्यांचा हुकर होता, म्हणजे स्क्रमच्या, दोन्ही संघ खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात त्या घोळक्याच्या, पहिल्या ओळीत मधोमध. 2020 मध्ये त्याने जाहीर केलं की ऐन चाळिशीत त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय आणि तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवतच नाही. विश्वचषक जिंकलेल्या माणसाला तो जिंकल्याचं आठवू नये, याहून मोठं नुकसान खेळाडूचं काय होणार? त्याच्यासारख्या कितीतरी माजी खेळाडूंनी खेळाच्या संघटनांवर दावे लावलेत. 2017 पासून जागतिक संघटनेने उंच टॅकलवर जी सक्ती वाढवत नेली, तिच्यामागे हे आहे.

आता पंच काय बघतात ते सांगतो, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. पहिला प्रश्न, डोक्याला किंवा मानेला धक्का लागला का? दुसरा, त्यात टॅकल करणाऱ्याची चूक होती का? तिसरा, धोका किती होता, म्हणजे वेग किती, खांदा थेट आला की हात गुंडाळलेले होते. आणि शेवटी, सूट द्यायला काही कारण आहे का, जसं की बॉल घेऊन पळणारा ऐन वेळी एकदम खाली वाकला. चूक ठरायला ‘मुद्दाम केलं का’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायलाच हवं असं नाही. आपण घरी बसून नेमका तोच विचारतो आणि मग पंचाला शिव्या घालतो.

नोव्हेंबरच्या सामन्यांत, एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात, या प्रकाराचे सगळे नमुने दिसले. 8 तारखेला पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध मध्यंतराच्या जरा आधी लोड डी यागरचा खांदा तोमा रामोसच्या डोक्याला लागला. रामोस जवळजवळ गुडघ्यांवर आलेला होता, पण डी यागरने तरी खाली जायला हवं होतं. सरळ लाल कार्ड, नंतर 4 सामन्यांची बंदी. माझ्या मते निर्णय चोख होता. गंमत नाही, अर्धा सामना 15 ऐवजी 14 जणांनी खेळून आफ्रिकेने तो 32–17 असा जिंकला. सिया कोलिसीची ती शंभरावी कसोटी (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटीच म्हणतात), आणि संघाची जुळवणी बदलायची म्हणून कर्णधार असूनही त्यालाच मध्यंतराला बाहेर बसवलं.

पुढच्या शनिवारी ट्युरिनला इटलीशी सामना होता. आपल्याकडे संध्याकाळी सहा-सव्वासहाची वेळ, आणि दिवस भरताचे. एका मित्राच्या मळ्यात आम्ही सगळे जमलो होतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली, मोबाइल पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवलेला. पहिल्या पाव तासातच फ्रँको मोस्टर्टला लाल कार्ड दाखवलं. वांगी उलटी करणारा गडी काडी हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, “त्याले कसाले काढं भो? त्यानी मुद्दाम करं नही!” पुन्हापुन्हा दाखवत होते तेव्हा मलाही ते कार्ड जास्त वाटलं. पण पंचाने जे पाहिलं त्यावर शिट्टी दिली, मोस्टर्ट एक शब्द न बोलता बाहेर गेला, संघ 14 जणांनी उरलेला सामना खेळला आणि 32–14 ने जिंकला. काही दिवसांनी शिस्तपालन समितीने ते कार्ड रद्द केलं. चूक झाली ती मैदानाबाहेर, कागदावर दुरुस्त झाली. मैदानात कोणी पंचाच्या अंगावर धावून गेलं नाही. माझ्या लेखी खेळाडूंचं वर्तन मोजायची जागा ही आहे.

त्यानंतर डब्लिन. तिथे उलटं झालं. आयर्लंडच्या जेम्स रायनला आधी पिवळं कार्ड, म्हणजे 10 मिनिटं बाहेर, मिळालं आणि तपासणीनंतर ते लाल झालं. पाठोपाठ त्यांची इतकी पिवळी कार्डं निघाली की एका वेळी मैदानात 12 च जण उरले. आफ्रिका 24–13 ने जिंकली.

रायनचं लाल कार्ड डी यागरच्या कार्डापेक्षा वेगळं होतं, आणि हा फरक नवख्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही. प्रकरण लाल की पिवळं हे लगेच ठरत नसेल तर पंच हातांची फुली करतो. खेळाडू 10 मिनिटं बाहेर बसतो, आणि तेवढ्या वेळात वेगळा अधिकारी निवांत चित्रण तपासतो. त्याने कार्ड लाल केलं तर तो खेळाडू परत येत नाही, पण 20 मिनिटं झाली की त्याच्या जागी दुसरा येतो. आधी हे प्रयोग म्हणून आलं, आता बहुतेक मोठ्या सामन्यांत दिसतं. पुष्कळ जुन्या लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं शिक्षा पातळ झाली. मला पटतं. क्षणभर उंची चुकली म्हणून 80 मिनिटांचा सामना एकतर्फी व्हावा, यात कोणाचं भलं नाही. ज्याने चूक केली तो घरी बसतोच, वर बंदी असतेच. आणि जिथे जाणूनबुजून केलंय किंवा फारच धोक्याचं आहे, तिथे पूर्ण वेळचं लाल कार्ड अजून आहेच.

जाणूनबुजून म्हणजे काय, ते कार्डिफला दिसलं. वेल्सवर 73–0 अशी चढाई, सामना संपत आलेला, आणि एबेन एटझेबेथसारखा, आफ्रिकेकडून सगळ्यात जास्त कसोटी खेळलेला माणूस झटापटीत अॅलेक्स मानच्या डोळ्यात बोट घालतो. लाल कार्ड आणि 12 सामन्यांची बंदी. याचा बचाव मी करणार नाही. आमच्यातल्या एकाने केला, “समोरच्याने आधी डिवचलं असेल” म्हणून. डिवचलं तरी डोळा तो डोळा. टॅकलची उंची चुकणं आणि डोळ्यात बोट घालणं एका पारड्यात टाकू नका. तुमच्या प्रश्नात दोन्ही ‘लाल कार्ड’ म्हणून एकत्र आलेत, तिथेच खरा घोळ आहे.

2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यावरून अजूनही वाद झडतात. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचं पिवळं कार्ड तपासणीनंतर लाल झालं, पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं पहिलंच. दुसऱ्या डावात कोलिसीलाही डोक्याच्या धक्क्यासाठीच पिवळं मिळालं आणि ते पिवळंच राहिलं. आफ्रिका 12–11 ने जिंकली, म्हणजे एका गुणाने. न्यूझीलंडच्या चाहत्यांना ते लागणारच. पण केनला कोणी ‘घाणेरडा खेळाडू’ म्हटलं की मला राग येतो. तो सरळ उभा राहिला आणि आडवा आला, एवढाच त्याचा गुन्हा. त्या दिवशीचे पंच वेन बार्न्स, शंभराहून जास्त कसोटी सामने सांभाळलेला माणूस. काही दिवसांतच त्यांनी निवृत्ती घेतली, आणि त्यांच्या घरच्यांना धमक्या आल्याचं जगाला कळलं. पडद्यावर चित्रण तपासणारे टॉम फोली यांनीही आंतरराष्ट्रीय काम सोडलं. मला विचाराल तर अलीकडच्या रग्बीतलं सगळ्यात वाईट वर्तन हे आहे, आणि ते खेळाडूंचं नाही.

खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनीही याला हातभार लावलाय, ते नाकारत नाही. 2021 मध्ये लायन्सविरुद्ध (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ) पहिली कसोटी हरल्यावर आफ्रिकेच्या रासी इरॅस्मस यांनी पंच निक बेरी यांच्या चुका दाखवणारा 62 मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यांच्यावर बंदी आली ते बरं झालं. त्यांच्या इतका डोकेबाज प्रशिक्षक आज दुसरा नाही असं मी मानतो, तरीही म्हणतो. वरचा माणूस एकदा असं करून मोकळा झाला की गावोगावचे पंच त्याची किंमत मोजतात. आमच्याकडे कबड्डीच्या सामन्यात निकाल पटला नाही म्हणून पंचाला घेराव घालणारे लोक मी पाहिलेत, त्यातले काही पोरांचे बाप होते.

2025 च्या जुलैतला मेलबर्नचा सामनाही तुम्ही पाहिला असेल. ऑस्ट्रेलिया लायन्सविरुद्ध 23–5 ने पुढे होती आणि शेवटच्या क्षणी ह्यूगो कीननच्या ट्रायवर, म्हणजे गोलरेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेल्या गुणांवर, 29–26 ने हरली. त्या ट्रायच्या जरा आधी लायन्सच्या जॅक मॉर्गनने रकमध्ये (जमिनीवरच्या बॉलसाठीची झटापट) ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला धक्का देऊन हटवलं, टिझानो मान धरून पडला. ऑस्ट्रेलियावाले म्हणाले फाऊल, लायन्सवाले म्हणाले नाटक. पंच आंद्रेया पियार्दी यांनी चित्रण पाहून ट्राय दिली. मला विचाराल तर मॉर्गन खाली वाकलेला होता आणि टिझानोही खालीच होता, तिथे दुसरं काही करायला जागा नव्हती. टिझानोला नाटकी ठरवायची जी चढाओढ लागली ती मात्र मला आवडली नाही. मानेला धक्का लागलेला माणूस नाटक करतोय की नाही हे मोबाइलवर ठरवता येत नाही.

आता भाच्याचं. तो खान्देशातला आहे म्हणजे कबड्डी त्याने पाहिलेली, बहुतेक खेळलेलीही असणार, आणि ती त्याला फार उपयोगी पडेल. आपल्याकडे घोटा धरणारा, मांडीला मिठी मारणारा खेळाडू तयार होतो, त्याची नजर आपोआप खाली असते. रग्बीतही टॅकल तिथेच व्हायला पाहिजे. फ्रान्सने हौशी खेळाडूंसाठी टॅकलची हद्द कमरेपर्यंत खाली आणली, इंग्लंडने क्लब पातळीवर छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. कार्डांची पद्धतही त्याला नवी वाटणार नाही. कबड्डीत पिवळं कार्ड म्हणजे 2 मिनिटं बाहेर, सात-सात जणांच्या रग्बीतही 2 च मिनिटं, पंधरांच्या खेळात 10. मुंबईत 2025 च्या जूनमध्ये जी रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सातांचीच. भाच्याला पंधरांच्या सामन्यांआधी तीच दाखवा, मैदान मोकळं असतं, कोणी काय केलं ते स्पष्ट दिसतं.

पाठवण्याआधी एकदा सरावाला जाऊन उभे राहा. टॅकल शिकवताना सर पोरांना गुडघ्यावर बसवून सुरुवात करतात का, डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगतात का, ते बघा. डोकं पुढे आलं तर मार टॅकल करणाऱ्यालाच बसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. पोराच्या डोक्याला लागलं आणि नुसती शंका जरी आली, तर त्याला त्या दिवशी परत खेळवायचं नाही हा नियम जगभर आहे. “काही होत नाही, उठ” म्हणणारे सर दिसले तर घरी घेऊन या, कितीही नामांकित शाळा असो. आणि पंचाशी बोलायचा हक्क फक्त कर्णधाराला असतो, इतरांनी वाद घातला तर दंड 10 मीटर पुढे सरकतो, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवत असतील तर समजा सर रग्बी जाणतात.

हे सगळं ठीक दिसलं तर बिनधास्त पाठवा. मैदान धुळ्यात कुठे आहे ते मेसेज करा, शनिवारी माझं तिकडे येणं होतं, सराव मीही बघून घेईन.