एफवायच्या मुलांना माहितीची पारख एका तासात कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की एफवाय बीएच्या १२० मुलांना माहिती साक्षरता शिकवायला ४८ मिनिटांचं एकच लेक्चर मिळालंय. माझं ऐकाल तर व्याख्या, ग्रंथालयाची फेरी आणि पीपीटी, तिन्ही वगळा. एकच दावा घ्या आणि मुलांकडूनच तो उसवून घ्या.

फळ्यावर लिहा: ‘२६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला.’ मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण घरी ऐकलेलं असतं, त्यामुळे हिरिरीने भांडतात. चौघांचा गट, गटात एकच मोबाइल (चार असले की चार रील चालू होतात), वेळ १२ मिनिटं. ‘खरं की खोटं’ विचारू नका. कुठे मोजला, कोणी, किती वाजल्यापासून, हे विचारा.

बहुतेक गट पहिल्याच लिंकवर ९४४ दिसला की थांबतील. तिथे त्यांना मुंबईतल्याच दुसऱ्या वेधशाळेचा, कुलाब्याचा आकडा काढायला लावा. सांताक्रूझला ९४४, कुलाब्याला त्याच २४ तासांत जेमतेम ७३. आकडा बरोबर, सैल आहे तो ‘मुंबईत’ हा शब्द. एखादा गट २७ जुलै तारीख आणेल, त्याला लगेच चूक ठरवू नका. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि ज्या तारखेला संपतो त्या तारखेला नोंद पडते.

शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेला आख्खा फॉरवर्ड सर्चमध्ये पेस्ट करणं. त्याच्याच नकला सापडतात आणि ‘इतक्या ठिकाणी आहे, म्हणजे खरंच’ असं वाटतं. आकडा, ठिकाण आणि मोजणाऱ्या खात्याचं नाव, एवढंच टाकायला सांगा.

साइट विश्वासाची आहे का, हे त्याच साइटवर बसून ठरवू देऊ नका. ‘आमच्याविषयी’ स्वतःच लिहिलेलं असतं आणि डॉट ओआरजी कोणीही विकत घेतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासात इतिहासाचे प्राध्यापकही देखण्या साइटला भुलले. फॅक्टचेकर, म्हणजे दावे तपासणं हाच ज्यांचा व्यवसाय, ते मात्र चटकन नवा टॅब उघडून बाहेरचे काय म्हणतात ते बघत होते.

फक्त खोटे फॉरवर्ड फोडत बसलात तर मुलं ‘सगळंच फेक’ म्हणायला शिकतात, आणि ते भोळेपणापेक्षा वाईट. म्हणूनच मी दावा असा निवडला, जो थाप वाटतो पण पुष्कळसा खरा आहे.

शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायला ठेवा. तीनच ओळी: दावा काय, दुसऱ्या ठिकाणी काय सापडलं, आता दावा कसा लिहाल. १२० चिठ्ठ्या तपासायला वेळ नसेल तर फक्त तिसरी ओळ वाचा.